काजळीकाठचा साठ किलोमीटरचा फेरा

रत्नागिरीत सायकल चालवणाऱ्याला दिशा निवडायला फार वाव नाही. उत्तरेला आरे-वारेवरून गणपतीपुळे, दक्षिणेला भाट्याचा पूल ओलांडून पावस आणि पूर्वेला हातखंबा. पहिल्या दोन रस्त्यांवर माझी रविवारची हजेरी ठरलेली. तिसऱ्या रस्त्याला मी जात नाही. हातखंबा तिठ्याला मुंबई-गोवा आणि मिऱ्या-नागपूर हे दोन महामार्ग भेटतात, दोन्हींच्या रुंदीकरणाचं काम वर्षानुवर्षं चाललंय, आणि डंपरच्या मागे धुळीत सायकल मारण्यात मला काही गोडी वाटत नाही.

पण माझी आत्या टिक्याला राहते, काजळी नदीच्या खोऱ्यात. आमच्या घरापासून वीस किलोमीटरच्या आतलं अंतर. लहानपणी मे महिन्यात एसटीने जायचो, खिडकीतून डोकं बाहेर काढलं म्हणून ओरडा खायचो. तीन वर्षांपूर्वी, शाळेतल्या नोकरीची वीस वर्षं भरली तेव्हा, मी रोड बाईक घेतली. त्याच वेळी मनात धरलं होतं की आत्याकडे सायकलने जायचं. हळूहळू त्याचं एका पुऱ्या फेऱ्यात रूपांतर झालं: रत्नागिरीहून निघून, महामार्गावर कमीत कमी राहून, काजळीचं खोरं आणि समुद्रकाठ दोन्ही घेऊन परत घरी. हा फेरा नीट बसवायला मला ऑक्टोबर ते डिसेंबर असे तीन महिने लागले. तो कसा बसला, काय काय चुकलं, ते लिहून ठेवते. या बाजूला फारसं कुणी सायकल घेऊन येत नाही, आणि यावं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात मोबाईलच्या नकाशाने झाली, आणि पहिली चूकही तिथेच. नकाशात काजळीची निळी रेघ दिसते. साखरप्याकडून येते, अंजणारीच्या पुलाखालून, चांदेराई, हरचेरी करत शेवटी भाट्याला समुद्राला मिळते. तिच्या बाजूबाजूने बारीक पांढरी रेघ, म्हणजे रस्ता. मी धरून चालले की नदीकाठचा रस्ता म्हणजे सपाट. देशावर कृष्णाकाठी वाढलेल्या माणसाने असं समजावं हे एकवेळ ठीक, पण मी तर इथलीच.

कोकणातली नदी सड्यात, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळी पठारात, खोल उतरलेली असते. वर जांभ्याचा उघडा सडा, खाली नदी, आणि मधल्या उतारावर वाड्या. सड्यावरून प्रत्येक पावसाळ्यात पाणी धावत नदीला मिळतं, त्या प्रत्येक पऱ्याने, म्हणजे ओढ्याने, उताराला एक घळ पाडलेली. रस्ता नदीला समांतर जातो खरा, पण वाटेत लागणाऱ्या प्रत्येक पऱ्याला तो खाली उतरतो, मोरी ओलांडतो आणि पुन्हा वर चढतो. शिवाय आपल्याकडे रस्ते वाड्यांना जोडत गेलेत, नदीशी त्यांना काही देणंघेणं नाही. एक वाडी खाली मळ्याला, पुढची वर सड्याच्या कडेला, की रस्ता तसाच वरखाली. गावाची नावं नीट ऐकली असती तरी कळलं असतं. कुवारबाव सोडून आत वळलं की पहिलंच गाव काजरघाटी! नावातच घाटी आहे, आणि आमच्याकडे घाटी म्हणजे अंगावर येणारा चढ.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी पहिल्यांदा निघाले. भातकापणी ऐन भरात. पोमेंडीच्या पुढे रस्त्याच्या निम्म्या रुंदीवर पेंढ्या पसरलेल्या, त्यावरून सायकलचं चाक गेलं की साबणावरून गेल्यासारखं सरकतं. एका चढावर मागच्या चाकाला पेंढ्याच्या काड्या गुंडाळल्या, डिरेलरमध्ये, म्हणजे चेन सरकवून गिअर बदलणाऱ्या भागात, अडकल्या, आणि मला उतरावं लागलं. काड्या काढून पुन्हा पेडलवर पाय ठेवला तर सायकल जागची हलेना. चढ असा की एकदा थांबलं की पुन्हा सुरुवात होत नाही. ढकलत नेली. पुढच्या चढाला न थांबताही उतरावंच लागलं. आत्याच्या अंगणात पोचले तेव्हा मांड्या थरथरत होत्या. तिने काही न विचारता तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "आमी पाखाडीनं जायचो गो. गाडीरस्ता लय फिरवतो, आनि तरी चढवतोच."

पाखाडी म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांची पायऱ्यापायऱ्यांची वाट. सरळ चढते, सरळ उतरते. ती अजून आहे, आत्याच्या परसातून खाली मळ्यापर्यंत जाते. सायकलला तिचा उपयोग नाही, पण त्या दिवशी तिच्याकडे पाहताना खोऱ्याचा उभा काप माझ्या पहिल्यांदा ध्यानात आला. वर सडा, खाली पाणी, आणि मधे हे माणसांचं चढणं-उतरणं.

घरी आल्यावर आधी गिअरचा हिशोब मांडला. माझ्या सायकलला पुढे 50 आणि 34 दातांच्या दोन चकत्या, मागे कॅसेटची, म्हणजे मागच्या चकत्यांच्या जुडीची, सगळ्यात मोठी चकती 28 दातांची. म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पुढची चकती एकदा फिरली की मागचं चाक एकाहून थोडं जास्त, 1.21 वेळा फिरतं, आणि सायकल साधारण 2.6 मीटर पुढे जाते. सपाटीला हे खूप हलकं. दहा-बारा टक्क्यांच्या चढावर, पेडल मिनिटाला पन्नासच्या खाली गेलं की, हेच ओझं होतं. मागे 34 दातांची चकती लावली तर एका फेऱ्याला 2.1 मीटर. फरक अर्ध्या मीटरचा, पण तोच अर्धा मीटर बसून चढणं आणि उतरून ढकलणं यांच्यातला. फक्त कॅसेट बदलून भागत नाही हे मात्र मला माहीत नव्हतं. माझ्या डिरेलरचा पिंजरा आखूड, त्याला 34 झेपत नव्हती. लांब पिंजऱ्याचा डिरेलर, नवी कॅसेट आणि थोडी लांब चेन असं सगळंच पुण्याहून मागवलं. रत्नागिरीतल्या मेकॅनिक दादांनी बसवून दिलं. कोकणात राहणाऱ्या आणि रोड बाईक घेऊ पाहणाऱ्या कुणालाही मी आता पहिलं हेच सांगते: रंग, वजन, कंपनी नंतर बघ, आधी मागच्या मोठ्या चकतीचे दात मोज.

दुसऱ्या खेपेला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मी शनिवारी संध्याकाळीच आत्याकडे राहायला गेले. सकाळी उजाडायच्या आत वस्तीची एसटी सुटायच्या तयारीत होती. रात्री गावात मुक्कामाला आलेली ही गाडी पहिल्या फेरीला दूधवाले, कॉलेजची पोरं आणि दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं घेऊन जाते. ड्रायव्हर काका गाडीच्या काचा पुसत होते. मी त्यांना विचारलं, इथून चांदेराई किती, पुढे पावस किती, रस्ता कसा आहे.

"किलोमीटर कशाला विचारता मॅडम? मी गाडी कुठं कितव्या गिअरला टाकतो ते विचारा."

मग त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. काजरघाटीची घाटी तिसऱ्यावर निघते. पोमेंडीच्या पुढची वळणाची, ती दुसऱ्यावर. टिक्याहून हरचेरीपर्यंत दोन पऱ्यांचे चढ आखूड आहेत, वेगात आलं तर तिसऱ्यावरच निघतात, पण समोरून गाडी आली आणि थांबावं लागलं की दुसरा. चांदेराईचा पूल ओलांडून पलीकडे चढताना, गाडी भरलेली असली तर पहिला. आणि उतारावरही त्यांचा तोच हिशोब होता. ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं, नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवायचा नाही.

मी वहीत तिसरा, दुसरा, दुसरा, पहिला असं उतरवून घेतलं. कुठल्याही ॲपने मला त्या खोऱ्याचं इतकं खरं चित्र दिलं नव्हतं. ॲपवरचा चढाचा आलेख सगळ्या टेकड्यांना सारखाच गुळगुळीत करून दाखवतो. ड्रायव्हर काकांना मात्र वळणाच्या आतल्या बाजूचा चढ आणि बाहेरच्या बाजूचा चढ वेगळा असतो हे हाताला माहीत. पुढे माझा तक्ता तयार झाला. एसटीचा तिसरा म्हणजे मला मागे 23-25 दात पुरतात, दुसरा म्हणजे 28-30, आणि पहिला म्हणजे 34 आणि श्वास सांभाळून. आता नव्या कुठल्याही आडरस्त्याला जायचं तर मी एसटीच्या ड्रायव्हरला गाठते. हा तक्ता आजवर चुकलेला नाही.

त्या दिवशी टिक्याहून चांदेराईला गेले. सकाळचे सात. खोऱ्यात धुकं इतकं दाट की पुढचं वळण दिसत नव्हतं, आणि वर सड्यावर ऊन पडलेलं. भात कापून झालेल्या मळ्यांत ओलीवर कुळीथ आणि कडवे पेरलेले, त्यांची पहिली पानं नुकती वर आलेली. नदी दिसत नव्हती, नुसती कळत होती. खालून येणारा गारवा अंगाला लागायचा, मग मोरीवरून जाताना पाण्याचा आवाज. हरचेरीजवळ धुकं थोडं फाटलं तेव्हा एमआयडीसीच्या बंधाऱ्यामागचं पाणी दिसलं, एकदम स्थिर, आणि त्यावर काठावरच्या झाडांची उलटी सावली. सायकल थांबवून उभी राहिले. तेवढ्यात पलीकडून कोकण रेल्वेची गाडी गेली. ती डोळ्यांना दिसली नाही, नुसता आवाज खोऱ्यात बराच वेळ फिरत राहिला.

या रेल्वेचा विचार मी त्या खोऱ्यात नेहमी करते. रत्नागिरी सोडल्यावर दक्षिणेला निवसरकडे जाणारी लाईन याच खोऱ्याला धरून जाते. कोकण रेल्वेला जास्तीत जास्त चढ चालतो तो 150 मीटरला एक मीटर. आमच्या घाटीला दहा मीटरला एक. त्या 150 ला एक साठी डोंगर कापले, बोगदे खणले, पऱ्यांवर पूल टाकले, आणि 1998 साली अख्ख्या मार्गावर गाडी धावली. पोमेंडीच्या कटिंगमध्ये दरड आल्याच्या बातम्या आपण पावसाळ्यात वाचतो ना, त्या याच कापलेल्या डोंगराच्या. जांभ्याखालच्या मऊ थरात पाणी शिरलं की तो राहत नाही. सायकलचा रस्ता मात्र डोंगर जसा आहे तसाच घेतो. रेल्वेतून हे खोरं पाच-सात मिनिटांत संपतं, मला दोन तास लागतात, आणि ते दोन तास मला हवे असतात.

चांदेराईला बाजारपेठ आहे, पुलाला लागून, दोन्ही बाजूंना दुकानं. काजळीला पूर आला की रत्नागिरीच्या बातम्यांत पहिलं नाव चांदेराईच्या बाजारपेठेचं येतं. मी चहाला थांबले त्या दुकानाच्या खांबावर माझ्या खांद्याच्या वर एक आडवी मळकट रेघ होती. दुकानदारांनी सांगितलं, ही 2021 च्या जुलैची. त्याखाली आणखी दोन पुसट रेघा होत्या, त्यांची सालं त्यांनी सांगितली नाहीत, मीही विचारली नाहीत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते पिठाची पोती वरच्या माळ्यावर ठेवतात आणि रात्री पाऊस वाढला की नदीकडे बघायला उठतात. ते हे सांगत असताना समोर नदी गुडघाभर पाण्याने वाहत होती, दोन पोरं गळ टाकून बसलेली. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. हे आकडे मी दरवर्षी भूगोलाच्या तासाला फळ्यावर लिहिते. त्या खांबासमोर उभं राहिल्यावर त्यांचा अर्थ वेगळाच लागला. यंदा नववीच्या मुलांना मी त्या रेघांचा फोटो दाखवला.

पंक्चर झालं ते पूल ओलांडून पलीकडच्या चढावर. मागचं चाक बसलं. कुंपणाची वई घालायला करवंदीच्या फांद्या तोडून कुणीतरी रस्त्याच्या कडेला टाकल्या होत्या, त्यातला काटा. टायरच्या आतून बोटं फिरवत काटा शोधायचा असतो, घाईने नवी ट्यूब घातली तर तोच काटा तिलाही खातो. मला काटा सापडेना. बाहेरून तुटून गेलेला आणि आत टोक जेमतेम दोन मिलिमीटर. वरच्या घरातून एक आजी उतरून आल्या. "काय झालं गो बाय?" म्हणाल्या, आणि माझं सांगून व्हायच्या आत घमेल्यात पाणी घेऊन आल्या. जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून पाण्यात धरली, बुडबुडे आले, तिथे बोट ठेवलं. मग ट्यूबवरचं भोक आणि व्हॉल्व्ह यांतलं अंतर वितीने मोजलं आणि तेवढ्याच अंतरावर टायरमध्ये बघितलं. काटा होता. आजींनी नखाने टोक वर ढकललं, मी चिमट्याने बाहेरून ओढलं. त्यांनी तो काटा हातावर घेऊन निरखला आणि वईत परत टाकला. कोकमाचं सरबत दिलं. पैसे काढले तर रागावल्या.

तेव्हापासून व्हॉल्व्हपासून अंतर मोजायची ही रीत मी सोडत नाही. ट्यूब काढताना टायरवर कुठला भाग व्हॉल्व्हसमोर होता ते खडूने खूण करून ठेवायचं, मग अर्धं काम झालंच.

टायरमधल्या हवेचंही त्याच दिवशी ठरलं. मी 28 मिलिमीटरच्या टायरमध्ये 100 पीएसआय हवा भरायचे, जास्त हवा म्हणजे जास्त वेग असं ऐकलेलं. खोऱ्यातले रस्ते पावसाळ्यानंतर ठिगळं लावलेले असतात. जांभ्याची बारीक खडी वळणांवर साचलेली, आणि चिऱ्याच्या ट्रकांनी कडा तुटलेल्या. एवढी कडक हवा असली की सायकल त्यावरून उडत उडत जाते, वळणावर चाकाची पकड सुटते, मनगटं दुखतात. आता 70 भरते. माझं वजन साठच्या आसपास आहे, जड माणसाने थोडी जास्त भरावी.

पुढचा टप्पा नाखऱ्याच्या बाजूने पावसला उतरायचा. इथे शेती मागे पडते आणि आंब्या-काजूच्या बागा सुरू होतात. चढ खरोखर पहिल्या गिअरचा होता, ड्रायव्हर काकांचं बरोबर होतं. मी तो नव्या 34 वर चढले. मधे दोनदा उभी राहिले, पण ढकलली नाही. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिरात दर्शन घेतलं आणि परतीला लागले, तेव्हा सकाळचे अकरा वाजून गेलेले.

आणि मग कळलं की मी फेरा उलटा लावला होता.

पावसहून रत्नागिरीला येताना गोळपचा सडा लागतो. झाड नाही, सावली नाही, काळा-तांबडा कातळ दोन्ही बाजूंना तापलेला. अकराच्या पुढे समुद्रावरून खारं वारं सुटतं, ते वायव्येकडून. मी चाललेले उत्तरेला. उतारावरसुद्धा पेडल मारावं लागत होतं. वीस किलोमीटरला मला सकाळच्या चढांइतका वेळ लागला आणि पाणी कोळंब्याच्या आधीच संपलं.

राजिवड्याच्या एका मच्छीमार काकांशी याबद्दल बोलले, त्यांच्या मुलीला मी शिकवते. त्यांनी सांगितलं की पहाटे मतलई असते, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा, हलका आणि थंड. होड्या त्यावर बाहेर पडायच्या आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत यायच्या, शिडाच्या काळात सगळं वेळापत्रक या दोन वाऱ्यांवर होतं. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र उबदार राहतो, म्हणून वारा तिकडे. दिवसा जमीन तापते, मग उलट. हेही मी मुलांना शिकवलेलं आहे.

म्हणून फेरा फिरवला. आता पहाटे साडेपाचला निघायचं, आधी समुद्रकाठ. भाट्याचा पूल अंधारात ओलांडायचा, सुरूबनातून जाताना लाटांचा आवाज, झरी विनायकापाशी उजाडू लागतं. तिथून वर चढलं की कसोप, फणसोप, मग गोळपचा सडा थंड असतानाच मागे टाकायचा. डिसेंबरात सड्यावरचं गवत पिवळं पडलेलं असतं आणि दवाने भिजलेलं. या सड्यांवरच ती कातळशिल्पं आहेत, हत्ती, मासे, माणसं, जांभ्यात कोरलेली. कोकणातली ही शिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. सड्याला पडीक म्हणणाऱ्या सगळ्यांनी एकदा पहाटे इथून सायकलने जावं.

साडेसात-आठला पावस, तिथे नाश्ता. नऊच्या आसपास चांदेराई. ऊन चढेपर्यंत आपण खोऱ्यात उतरलेलो असतो आणि तिथे सावली असते. आंब्याची, फणसाची, वाडीतल्या माडांची. खारं वारं खोऱ्यात पोचतं पण डोंगराआडून येतं, त्याला धार नसते. चांदेराईचा तो पहिल्या गिअरचा चढ आता उतार होतो. पहिल्यापेक्षा सोपं झालं असं मात्र समजू नका. माझ्या सायकलला रिम ब्रेक आहेत. त्या उतारावर ब्रेक दाबून धरले की रिम हाताला चटका देण्याइतकी तापते. एकदा पुढचा, एकदा मागचा, थोडं दाबायचं आणि सोडायचं, वळणाच्या आधीच वेग कमी करायचा. लाल मातीची बारीक रेती ब्रेकच्या रबरात बसते आणि रिमला खरवडते, त्यामुळे मी दर दोन फेऱ्यांनी रबर काढून सुईने कण वेचते. पावसाळ्यात हे काम रोजचं झालं असतं, पण पावसाळ्यात मी इथे जात नाही. रस्त्याच्या सावलीतल्या भागावर शेवाळ धरतं, मोऱ्यांवरून पाणी जातं, आणि नदी कधी वर येईल ते चांदेराईचे लोकच जाणोत.

डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी आम्ही पाच जण या फेऱ्याला गेलो. मी, शाळेतली एक सहकारी, शहरातले दोन नेहमीचे सायकलवाले आणि पुण्याहून आलेला माझा भाचा. भाच्याचे टायर 23 चे आणि दगडासारखे फुगवलेले. मी आधी सांगितलं होतं, पण त्याला लांब पल्ल्याची सवय, त्याने ऐकलं नाही. नाखऱ्याच्या पुढे एका खड्ड्यात दोन्ही चाकांच्या ट्यूब चिमटल्या. त्याच्याकडे एकच जादा ट्यूब होती, दुसऱ्या पंक्चरला माझी ठिगळं कामाला आली. माझ्या मीटरवर त्या दिवशी साठ किलोमीटरच्या आसपास अंतर भरलं आणि चढ हजार मीटरच्या जवळ. तो म्हणाला, आत्या, आमच्याकडे हेच शंभर किलोमीटरचं काम झालं असतं. चांदेराईच्या चहावाल्यांनी पाचही जणांना खांबावरची रेघ दाखवली.

खायचं पावसला आणि चांदेराईला मिळतं, त्यांच्या मधे धरून चालायचं नाही. सड्याआड फोनची रेंज जाते. दोन बाटल्या, दोन ट्यूब, ठिगळं, पंप, सुटे पैसे एवढं हवंच. घराबाहेर कुणी दिसलं की पाणी मागायला लाजू नका, पण आधी थांबून सायकल आडवी ठेवून बोला. चालत्या सायकलवरून आवाज दिलेला इथे कुणाला आवडत नाही. चिऱ्याच्या भरलेल्या ट्रकला वाट द्या, तो चढावर थांबला तर पुन्हा उचलणं त्यालाही जड जातं. नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. माघ पौर्णिमेला हातिसला पीर बाबरशेखचा उरूस भरतो, सगळ्या धर्मांचं गाव मिळून करतं. त्या वेळी या बाजूचे रस्ते गजबजलेले असतात, तेव्हा सायकल घरी ठेवून एसटीने जा आणि उरूस बघा.

आत्याचं घर आता फेऱ्यात शेवटून दुसऱ्या चढावर येतं. पाच सायकली अंगणात आडव्या पडल्या तेव्हा ती पायरीवर बसून कुळीथ निवडत होती. सगळ्यांना घावणे खायला घातले. मग मला आत बोलावून हळूच विचारलं, "किती घाट्या झाल्या गो?" मी म्हटलं, अकरा. ती म्हणाली, "पाखाडीनं गेल्यावर आमाला नऊ लागायच्या," आणि बोटांवर एकेकीचं नाव घेऊन मोजून दाखवल्या. त्यातल्या चार मला माहीतच नव्हत्या.

जानेवारीत मी पुन्हा शनिवारी मुक्कामाला गेले. वस्तीच्या गाडीला तेच ड्रायव्हर काका होते. आता मला चांदेराईच्या वर, नदी धरून अंजणारीपर्यंत जायचंय. त्यांना विचारलं. पूर्वी त्या बाजूला त्यांची ड्यूटी असायची. काच पुसायचं फडकं खांद्यावर टाकून त्यांनी मोजायला सुरुवात केली, मी वही काढली. दोन तिसऱ्यावरच्या, तीन दुसऱ्यावरच्या, आणि शेवटची, पुलाच्या आधीची, पहिल्यावर.

"पण ती सकाळी करा," म्हणाले, "दुपारी त्या कातळावर उभं राहवत नाही."